मागची जागा

लिफ्ट तपासणं हा माझा पेशा. केबिनमध्ये ठरल्यापेक्षा जास्त वजन ठेवायचं, वरखाली न्यायची, दोर बघायचे, ब्रेक धरतो की नाही ते बघायचं आणि मगच सही करायची. आमच्या कामात भीती वाटणं, शंका येणं वगैरेला जागा नाही. ब्रेक धरला तर धरला, नाही तर नाही. नियमाबाहेर मी सहसा पाऊल टाकत नाही, आणि यावरून घरचे माझी भरपूर चेष्टा करतात.

माझा धाकटा भाऊ अगदी उलटा. तो एका जागी कधी टिकलाच नाही, म्हणून घरात त्याला सगळे भिंगरी म्हणतात. आधी तो शर्यतीत गाड्या चालवायचा, मग ट्रॅकवर हौशी लोकांना चालवायला शिकवू लागला. गाड्यांचं वेड मात्र आम्हा दोघांनाही सारखंच. माझी हिरवी दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार त्यानेच कुणाच्या तरी शेडमधून, कोंबड्या हाकलून, शोधून आणलेली. माझी बायको म्हणते, या गाडीत बरोबर दोघांची सोय आहे, एक तुम्ही आणि एक तुमची हौस.

एका दुपारी मी गॅरेजमध्ये त्याच गाडीचा पट्टा बदलत होतो. भिंगरी आला आणि टायरवर बसला. गाडीकडे त्याने बघितलंही नाही. हे त्याच्या स्वभावात नाही.

"दादा, रविवारी माझ्या वर्गाला ये."

"या वयात मला काय शिकवणार तू?"

"शिकायला नाही. माझ्या मागे राहायला."

त्यांच्या शिकवण्याची एक रीत आहे. मास्तर सगळ्यात पुढे गाडी चालवतो आणि शिकणारे एकामागोमाग एक त्याच्या मागे. वळणावर कुठून आत शिरायचं, ब्रेक कुठे सोडायचा, हे मास्तरच्या चाकांकडे बघून कळतं. ते नीट दिसतं फक्त त्याच्या लगेच मागच्याला. म्हणून दर फेरीला, लांब सरळ रस्ता आला की, लगेच मागचा बाजूला होतो, बाकीच्यांना पुढे जाऊ देतो आणि रांगेच्या शेवटी लागतो. असं करत प्रत्येकाची पाळी येते.

"रांगेत एक गाडी जास्त असते," भिंगरी म्हणाला. "पांढरी. वर्गातली नाही. रांग फिरते तशी तीही पुढे सरकते. मग तिची पाळी येते."

"कुणीतरी आगाऊ असेल. गेटवर विचारलंस?"

"विचारलं. गेटवरून तसली गाडी गेलीच नाही." तो हातातला पाना उलटसुलट करत राहिला. "ती वाईट चालवत नाही, दादा. उलट फार सुंदर चालवते. तेच तर आहे. ती मागे असली की मला थांबावंसं वाटत नाही. ट्रॅक संपू नये असं वाटतं. परत यायचं आहे हेच विसरायला होतं. मागच्या वेळी घरची आठवण काढून काढून कसाबसा ट्रॅक सोडून पिटमध्ये, गाड्या थांबतात तिथे आलो."

मी म्हटलं, सोडून दे हे काम. तो हसला आणि म्हणाला, मला दुसरं येतं काय? ते खरंच होतं.

"तू माझ्या मागे रहा. जागा सोडू नकोस. लोक कुरकुर करतील, करू देत. तू मागे आहेस म्हटल्यावर मी आरशात बघणारच नाही. एक दिवस नीट गेला की माझ्या डोक्यातलं जाईल."

मी कबूल केलं. मनात म्हटलं, याला झोप पुरत नसणार.

ट्रॅक पठारावर आहे. पत्र्याची लांब शेड, तिच्यासमोर काँक्रीट, आणि हवेत तापलेल्या रबराचा वास. आमच्या गटात माझ्याखेरीज दोनच जण होते. एक दंतवैद्य बाई, लाल गाडी, हेल्मेट घालायच्या आधी केसांना घट्ट रुमाल बांधणाऱ्या. दुसरा कुलुपांचा कारखानदार, त्याला सगळे कुलूपशेठ म्हणत. त्याची गाडी पिवळी, आणि बोलणं सकाळपासून अखंड. शेडमधल्या फळ्यावर भिंगरीने ट्रॅक काढून वळणं समजावली. प्रत्येकाच्या गाडीत टेपने एक वायरलेस चिकटवला. त्यात फक्त ऐकू येतं. बोलायचं बटण नाही, नाहीतर सगळेच बोलत बसतात, असं तो म्हणाला, आणि कुलूपशेठकडे बघून सगळे हसले.

सकाळचा सराव मजेत गेला. पुढे भिंगरीची निळी गाडी, मागे मी. वायरलेसवर त्याचा आवाज: आता ब्रेक, आता सोड, आता वळणाच्या टोकाकडे बघ. सरळ रस्ता आला की मी बाजूला होत नव्हतो. मागून दंतवैद्य बाई दिवे चमकवत होत्या. मला कानकोंडं झालं, पण जागा सोडली नाही. आरशात लाल गाडी दिसत होती, जरा लांब. एकदोनदा तिच्या आणि माझ्यामध्ये पांढरं काही चमकल्यासारखं वाटलं. मागच्या गाडीची पुढची काच उन्हात चमकते, मला माहीत आहे. सूर्य त्या वेळी आमच्या पाठीमागे होता हे नंतर लक्षात आलं.

मधल्या सुट्टीत कुलूपशेठ म्हणाला, "काय हो, तुम्ही मास्तरांच्या शेपटीलाच गाठ मारून घेतलीय की काय? आम्ही काय नुसती तुमची हिरवी डिकी बघायला आलोय?"

मी काहीतरी पुटपुटलो. दंतवैद्य बाई कपातला चहा ढवळत होत्या. त्यांनी तक्रार केली नाही, तेच मला जास्त लागलं.

"मला तुमच्या जवळ येताच येत नाहीये," त्या म्हणाल्या. "मी एवढी घाबरट नाही. पण अंतर कमी करायला गेलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो. मध्ये कुणीतरी असल्यासारखा."

"होईल सवय," मी म्हणालो.

अजून काय हवं होतं मला? एखाद्या लिफ्टच्या दोराबद्दल कुणी असं बोललं असतं तर मी ती लिफ्ट तिथल्या तिथे बंद केली असती.

भिंगरी पाण्याची बाटली घेऊन आला. चेहरा खुलला होता. कित्येक महिन्यांत मी त्याला असा बघितला नव्हता. "बघितलंस? काही नाही. एकदाही आरशात बघितलं नाही मी." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता शेवटचा सराव. तेवढा रहा."

दुपारी वारा सुटला होता. पहिल्या काही फेऱ्या सकाळसारख्याच. मग बाईंनी पुन्हा दिवे चमकवले, त्यांच्या मागून कुलूपशेठने हॉर्न वाजवला, लांब, चिडून. ही माणसं शिकायला आली होती आणि मी त्यांचा दिवस अडवून बसलो होतो. रांगेत घुसून बसणाऱ्यांचा मला आयुष्यभर राग आला आहे. मला वाटलं, सकाळपासून तर काही झालं नाही. एकच फेरी. बाईंची एक पाळी होऊ दे, मग पुन्हा पुढे जाईन.

सरळ रस्ता आला. मी हात बाहेर काढला, पुढे जाण्याची खूण केली आणि बाजूला झालो.

माझ्या शेजारून आधी पांढरी गाडी गेली.

तिला आवाज नव्हता. वाऱ्याचा झोत आला, माझी गाडी किंचित हलली, आणि ती पुढे जाऊन भिंगरीच्या मागे लागली. खिडकीच्या काचेत मला फक्त आभाळ दिसलं. तिच्यानंतर लाल गाडी गेली, मग पिवळी.

मी शेवटी होतो.

वायरलेसवर भिंगरी म्हणाला, "वा, दादा. आता कसा छान जवळ आलास."

मी वायरलेस टेपसकट उपटला. सगळीकडून चाचपला. मी "मी नाही" म्हणून ओरडलो, हेल्मेटमध्ये, एकटाच. दिवे लावले, हॉर्न दाबून धरला. पुढे कुलूपशेठने आरशात बघून हात उडवला.

"असाच रहा," भिंगरी म्हणाला. "तू आहेस म्हणून मी बघत नाहीये हं आरशात."

ट्रॅकवर खूण मिळाल्याशिवाय पुढच्याला ओलांडायचं नाही असा नियम आहे. मी पिवळी गाडी ओलांडली, चाकं गवतात घालून. लाल ओलांडता येईना. तिच्यापलीकडे निळी आणि पांढरी, जणू एकाच दोरीने बांधलेल्या, वळणांतून सुंदर वाहत होत्या. भिंगरी खरंच सांगत होता. मी आजवर तसं कुणाला चालवताना बघितलेलं नाही.

त्याचा वेग वाढत होता.

"घरी जायचं? आत्ताच?" त्याचा आवाज हसरा होता. मग तो थांबला, कुणाचं तरी ऐकावं तसा. "नको ना. मलाही नको."

पुढे मातीचा उंचवटा आहे, त्याच्यामागे रस्ता दिसत नाही. त्या दोन्ही गाड्या त्याच्यामागे गेल्या. मला एकाच इंजिनचा आवाज ऐकू येत होता.

मग तोही बंद झाला.

आम्ही उंचवट्याला वळसा घालून आलो तेव्हा निळी गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. बाजूचा दिवा लुकलुकत होता. पुढचा सगळा रस्ता मोकळा.

मी धावत गेलो. भिंगरी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. कुठे खरचटलंही नव्हतं. हेल्मेटची काच मी वर केली. डोळे शांत होते.

"दादा, मागे तूच होतास ना?"

मागून बाई येत होत्या. त्या म्हणत होत्या, मास्तरांच्या मागे मीच होते, मध्ये कुणीच नव्हतं, मग मला पुढे का जाता येत नव्हतं. कुलूपशेठ गाडीतून उतरून हेल्मेट काढत होता.

मला लाज वाटली. त्याने एवढी एकच गोष्ट मागितली होती. मला वाटलं, आता खरं सांगितलं तर तो हादरेल. सुखरूप आहे ना, मग झालं. पुढे कधीतरी सांगू.

"हो," मी म्हटलं. "मीच होतो."

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

त्यानंतर तो ट्रॅकवर गेला नाही. कुठेच गेला नाही. डॉक्टरांनी डोळे, कान, डोकं सगळं तपासलं, सगळं ठणठणीत निघालं. तो जेवतो, झोपतो, हसतो. भावजय फोनवर सांगायची, दादा, हे दिवसभर खिडकीसमोरच्या खुर्चीत बसतात आणि मागे वळून बघत नाहीत. हाक मारली तरी नाही. मी समोर गेले तरच माझ्याशी बोलतात. मी म्हणायचो, येतो. आणि जायचं टाळायचो. किती टाळलं, त्याचा आता विचारही करवत नाही.

शेवटी तीच एकदा म्हणाली, "त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. जे असेल ते त्यांना सांगा. माझ्यासाठी सांगा." आवाज रडवेला नव्हता, नुसता थकलेला होता.

मी गेलो. दुपारचं ऊन खोलीभर होतं. भिंगरी खुर्चीत, पाठ भिंतीकडे, तोंड खिडकीकडे. मी मुद्दाम त्याच्या समोर स्टूल घेऊन बसलो, म्हणजे त्याला मी दिसेन. भावजय चहा घेऊन आली. खुर्चीच्या मागून सरळ वाट होती, पण ती पलंगाला वळसा घालून, अंग चोरून आली.

"तिकडून ये ना," मी म्हटलं.

"नको," ती म्हणाली. "तिथे अडचण होते."

खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा होती. तिथे काहीच नव्हतं.

मी सगळं सांगितलं. मी बाजूला झालो, खूण मीच केली, मागे मी नव्हतो, आणि नंतर तुझ्याशी खोटं बोललो. त्याचा हात मी हातात घेतला, लहानपणी रस्ता ओलांडताना घ्यायचो तसा. "भिंगरी, मी इथे आहे. तुझ्या समोर. मागे कुणी नाही. एकदा वळून बघ आणि माझ्याबरोबर बाहेर चल."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग मान किंचित तिरकी केली, खांद्यावरून मागच्याला विचारावं तशी.

"दादा, हे काय म्हणतायत?"

मी तोंड उघडलं. त्याने मला हातानेच थांबवलं. तो ऐकत होता. भावजय जमिनीकडे बघत होती. मग तो खुदकन हसला, मान हलवली, माझ्या हातातून आपला हात अलगद सोडवून घेतला आणि दारात आलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाला,

"दादा म्हणतो, तुम्ही निघा आता. तो आहे इथे."