तरसासमोर बोलायचं नाही

वीज येईपर्यंत ऐका. माझ्या मेहुण्याची गोष्ट आहे, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची. तुमच्यासारखाच तो, जखमी जनावरांच्या केंद्रात राबणारा.

रात्र डिसेंबरातली, रविवारची, अमावस्येच्या आदल्या दिवसाची. काम साधं. तरसाची मादी पिंजऱ्यासकट गाडीत घालायची, जंगलात सोडायची आणि घरी येऊन जेवायचं.

"पण काका, रात्री कशाला?"

तेच सांगतोय. मध्ये तोंड घालू नकोस.

जे जनावर जंगलात परत जायचं, त्याच्यासमोर माणसानं बोलायचं नाही. आवाजाची सवय लागली की ते माणसाला भीत नाही, आणि न भिणारं जनावर जगत नाही. या मादीचा एक भाऊ होता. दोघं आली तेव्हा एवढीएवढीशी; भाऊ तर मेहुण्याच्या पँटची मोहरी चघळत पायाशी बसायचा. मेहुण्यानं पाटी लावली, 'इथे बोलू नका.' तर पाहुणे त्या पाटीशेजारी उभे राहून फोटो काढत, आणि भावाला 'बाळा, बाळा' अशा हाका मारत. त्यांना आणायचे कोण? केंद्राचे साहेबच. मेहुणा हात जोडायचा. साहेब म्हणायचे, "अरे, लोकांना लळा लागू दे. त्याशिवाय ही जनावरं वाचतील कशी?"

लळा लागला. पण जनावराला. मोठा झाल्यावर भावाला जंगलात सोडलं. महिन्याच्या आतच रस्त्याकडेला शेकोटीभोवती माणसं गप्पा मारत होती, त्यांच्याजवळ तो येऊन बसला. लोकांनी काठ्या घातल्या. मेहुणा त्याला उचलायला गेला. सगळे वार समोरून. तो पळालाच नव्हता.

त्यानंतर मेहुण्यानं मादीला मागच्या शेडमध्ये हलवलं. कुलूप लावलं, किल्ली आपल्या खिशात. खाणं टाकायचं ते मुकाट्यानं. एवढं सांभाळलं, आणि साहेबांनी काय ठरवावं? सोमवारी सकाळी सोडायची, पाहुण्यांसमोर, टाळ्या वाजवून. म्हणून मेहुणा आदल्या रात्रीच निघाला. म्हणाला, नोकरी गेली तर गेली.

सोबत ड्रायव्हर. त्याला सगळे रेडिओ म्हणत. का, ते सांगायला नको.

"आज रेडिओ बंद," मेहुणा निघतानाच म्हणाला. "घरी वहिनीसमोर असतो तसा."

रस्ता तोच, भावाला मारलं तो. अर्ध्यात साहेबांचा फोन आला. मेहुण्यानं खुणेनं गाडी थांबवायला लावली, मादीला ऐकू जाऊ नये म्हणून उतरून लांब गेला.

"उद्यासाठी तिला जरा आंघोळ घाला," साहेब म्हणाले. "कॅमेऱ्यात बरी दिसली पाहिजे."

मेहुण्याचं डोकंच फिरलं. जे बोलला, ते तुमच्यापुढे सांगण्यासारखं नाही. वर्षभराचं साचलेलं सगळं बाहेर आलं.

फोन बंद केला.

मागं पानं वाजली.

तो गप्प राहिला. पानंही गप्प...

"कोण आहे?"

पानं पुन्हा वाजली. दुडक्या चालीनं काहीतरी जवळ आलं. थांबलं. त्यानं बॅटरी मारली. रस्ता मोकळा.

परत आला तो रेडिओला नुसती खूण करत. दोघांनी पिंजरा तिथंच जंगलाच्या कडेला उतरवला. दार उघडलं. मादी बाहेर आली... आणि तिथंच बसली. त्यांच्याकडे बघत.

मेहुण्याच्या पायाला काहीतरी टेकलं. ऊबदार. श्वास घेणारं.

मादी समोर होती. रेडिओ गाडीपलीकडे...

मेहुण्याला कळलं, कोण आहे ते. त्याला काय हवंय, तेही कळलं. एक शब्द. 'बाळा' एवढंच. ओठांवर आला होता.

पण ती ऐकत होती.

...

तो बोलला नाही.

...

मादी उठली. वळली. झाडीत गेली. पायापाशी ऊब मात्र तशीच. बराच वेळ. मग... तीही नाही.

"आणि साहेब, काका?"

साहेबांनी रिकाम्या पिंजऱ्यासमोर भाषण केलं. ती माणसं थांबतात होय?

सकाळी माझ्या बहिणीनं त्याची पँट धुवायला घेतली. डाव्या पायाची मोहरी चघळून चघळून चिंब झालेली. कापडात बारीक भोकं. दुधाच्या दातांची.

केंद्रात तेव्हा पिल्लू एकही नव्हतं.