आलापल्लीच्या रस्त्यावरचं हिव

गडचिरोलीत त्या रात्री वीज गेली होती. अठ्ठ्याऐंशीचा मे महिना, वारा नाही. एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले देवराव मामा अंगणात बाजेवर बसले होते. भाची सत्यशीला कॉलेजातल्या तीन मैत्रिणींना घेऊन आली होती.

"मामा, भुताची सांगा. पण खरी."

"खोटीले मी कायले झोप मोडू? हरिदासची सांगतो. आपल्याच गल्लीतला पोरगा. तीन वर्सं झाली."

अठरा मे, शनिवार. अमावस्या दुसऱ्या दिवशी होती. तिचा इथे काही संबंध जोडू नका, असं मामांनी आधीच बजावलं.

हरिदास पुनर्वसनाच्या कामावर तात्पुरता लागलेला बाबू. नदीवर धरण व्हायचं होतं, काठचं एक गाव उठवायचं होतं. गावाच्या संमतीचा कागद सोमवारी साहेबांच्या टेबलावर पडला की हरिदास नोकरीत कायम होणार होता. काम साधंच. राजदूत मोटारसायकल काढायची, जायचं, अंगठे घ्यायचे, परत यायचं.

गावाची रीत त्याला ठाऊक होती. सगळे झाडाखाली बसतात, दिवस दिवस बसतात, पण कोलू भूमियानं शब्द दिला की गावानं दिला. गावाच्या जमिनीची पूजा कोलूच्या घराण्याकडे. त्याच्यापुढे कोणी बोलत नाही. म्हणजे ऐंशी घरांना पटवायची गरज नव्हती. एका म्हाताऱ्याला पटवलं की भागत होतं.

कोलू काही पटत नव्हता. दुपार कलली. तेव्हा हरिदासनं आपली विद्या बाहेर काढली.

नागपूरला एम. ए. करताना त्यानं अमेरिकेच्या एका अध्यक्षावर शंभर पानं लिहिली होती. अँड्र्यू जॅक्सन. लहानपणीच पोरका झालेला, लढाया मारून मोठा झालेला, गुलामांच्या घामावर शेती पिकवणारा, आणि तरीही गोरगरिबांचा कैवारी म्हणवून घेणारा. जंगलात राहणाऱ्या जमातींना तो म्हणायचा, मी तुमचा बाप आहे, लेकरांनो, इथं तुमचा निभाव लागणार नाही, नदीपलीकडे चांगली जमीन आहे. मग त्यातल्या एका जमातीच्या मूठभर माणसांच्या सह्या घेतल्या आणि पंधरा-सोळा हजार लोकांचा मुलूख गेला. तो पायउतार झाल्यावर बंदुकांच्या धाकानं त्यांना हाकललं, भर हिवाळ्यात. वाटेवर चार हजारांच्या आसपास मेले. आज त्याचा चेहरा तिथल्या नोटेवर आहे.

हे सगळं हरिदासनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. लिहिताना रडलाही होता म्हणे. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या बापाचा पोरगा. गावकुसाबाहेर राहणं म्हणजे काय, ते त्याला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. आणि त्या दुपारी त्यानं त्याच अध्यक्षाचे शब्द कोलूपुढे वाढले. जसेच्या तसे. सरकार तुमचा बाप आहे म्हणाला. पलीकडे चांगली जमीन आहे म्हणाला. दूर देशातही एका मोठ्या माणसानं असंच केलं, म्हणाला.

कोलूनं विचारलं, "मंग त्या लोकायचं काय झालं, बाबू?"

"सुखी झाले," हरिदास म्हणाला.

कोलूनं अंगठा दिला.

"थू," सत्यशीला म्हणाली.

"थुंक," मामा म्हणाले. "मी बी थुंकलो होतो."

गावात जेवण झालं, निघायला उशीर झाला. आलापल्ली मागे पडली तेव्हा पावणेबारा झाले होते. दोन्ही बाजूंना सागवान. इंजिनाची धग मांड्यांना लागत होती, शर्ट पाठीला चिकटला होता.

एका वळणावर गाडी बंद पडली.

त्यानं किक मारली. पुन्हा मारली. मग त्याच्या लक्षात आलं... रातकिडे गप्प झालेत.

समोरून माणसं येत होती. रांगेनं. तेंदूपत्त्याचे मजूर असतील, त्याला वाटलं. पण मजूर एवढ्या रात्री चालत नाहीत. मे महिन्यात घोंगड्या पांघरत नाहीत.

पावलांचा आवाज नव्हता.

त्यानं श्वास सोडला. तोंडातून वाफ निघाली.

रांगेतला एक जण कडेला बसला. आडवा झाला. बाकीचे थांबले नाहीत. मग आणखी एक. एक बाई, पोटाशी गाठोडं धरून. गाठोडं हलत नव्हतं...

कोणी रडत नव्हतं.

एक म्हातारी त्याच्यासमोर येऊन थांबली. चेहरा इथला नव्हता. तिनं पुढच्या अंधाराकडे हात केला. त्याच्याकडे पाहिलं. अजून किती लांब?

हरिदासला ठाऊक होतं किती लांब. मैल ठाऊक होते. मेलेल्यांचा आकडा ठाऊक होता.

तो म्हणाला, "थोडंच राहिलं."

म्हातारीनं मान हलवली. विश्वासानं. दहा पावलं गेली... आणि बसली.

मग एक लहान पोर गाडीपाशी आलं. ऊब शोधत. त्यानं पेट्रोलच्या टाकीवर तळवा टेकवला. वर पाहिलं.

हरिदासनं मान खाली घातली.

पोरही कडेला जाऊन...

मामा थांबले.

"मंग?"

मग रस्ता रिकामा झाला. किडे ओरडू लागले. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. हरिदासनं ती गडचिरोलीकडे नाही, उलटी वळवली. उजाडताना तो कोलूच्या दारात होता. संमतीचा कागद त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ते सुखी नाई झाले. वाटेतच मेले. चार हजार."

कोलूनं कागद चुलीत घातला. तो जळल्यावर त्यानं विचारलं,

"तुले हे काल ठाऊक नोयतं काय?"

"होतं."

"मंग काल काऊन नाई सांगतलं?"

हरिदासची नोकरी गेली. आता भद्रावतीला शिकवण्या घेतो. गाव अजून जागेवर आहे. पण साहेब दुसरा बाबू शोधतोच आहे.

"म्हणजे शिकल्या माणसाले खरं बोलाले भूत लागते काय, मामा?" सत्यशीलाचा आवाज चढला होता. "चार हजार मेलेले कमी पडले?"

मामा उठले, बॅटरी घेतली आणि पोरींना घरामागच्या पडवीत नेलं. हरिदासनं ती राजदूत पुन्हा चालवली नव्हती, त्यांच्याकडेच टाकून गेला होता. दिवसभर पडवीचा पत्रा तापला होता. हँडल अजून हाताला गरम लागत होतं.

"टाकी दोनदा खरवडली. दोनदा रंगवली," मामा हळूच म्हणाले.

उजेड टाकीवर पडला. निळ्या रंगावर एका लहान तळव्याएवढं, पाच बोटांसकट, पांढरं हिव गोठलं होतं.