पाचव्या पाटीचा दगड

पारूबाई कचेरीत आल्या, पण बसायला तयार होईनात.

“बसून काय करू? लेकरू तिकडं ठाण्यात हाय अन् मी हितं खुर्चीवर बसू?”

अंबिका स्वामीही मग उभीच राहिली. नांदेडात खासगी तपासाची कामं घेणारी ही उदगीरची बाई बोलायला कमी आणि रागाला तिखट होती. तिच्यासोबत काम करणारे निवृत्त हवालदार शेषेराव मात्र खुर्चीत ऐसपैस बसले होते. तेही आता ओशाळून उठले.

पारूबाईंनी सगळं सांगितलं. कंधारचा किल्ला आणि आसपासची जुनी ठिकाणं कुणालाही आपली आपण पायी फिरून बघता यावीत, म्हणून त्यांच्या संघपालने जागोजागी माहितीच्या पाट्या रोवल्या होत्या आणि एका पाटीपासून दुसरीपर्यंत निळे बाण रंगवले होते. पाचवी पाटी महादेवाच्या जुन्या देवळामागे होती. तिथे एक वीरगळ होता, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, गुडघ्याएवढा. काल सकाळी दगड गायब झाला आणि खड्ड्याशी संघपालची पहार सापडली.

“पहार तर देवळाच्या ओसरीवरच पडलेली असायची. कुनीबी उचलावी. पन ह्यानंच दगड इकला म्हनून राहिलेत!” पारूबाईंचा आवाज फाटला. “परवा त्याला किनवटला वनरक्षक म्हनून हजर व्हायचं हाय, ताई. फौजदार म्हनतो, सांजच्याला गुन्हा नोंदवतो. नोंदवला की नोकरी गेली.”

आधी माणूस उचलायचा आणि मग गुन्हा शोधायचा, ही पद्धत शेषेरावांच्या चांगली ओळखीची होती. त्यांनी निमूटपणे गाडीची किल्ली घेतली.

*

“बाणांच्या मागनंच जाऊ,” कंधारात उतरल्यावर अंबिका म्हणाली.

किल्ल्याचा दरवाजा, पाण्याचा खंदक, मग बुरूज. पाट्यांवरची अक्षरं रेखीव होती आणि कुठेही पाल्हाळ नव्हतं. इतकं मन लावून गाव दाखवणारा पोरगा गावचाच दगड विकेल? शेषेरावांना ऊन लागत होतं, त्याहून हा विचार जास्त लागत होता.

देवळाच्या आवाराला एकच फाटक होतं. बाण फाटकातून आत जात होते, देवळाच्या पुढून पाठीमागे वळत होते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा फाटकाशी येत होते. मागच्या कोपऱ्यात रिकामा खड्डा होता आणि शेजारी पाटी: ‘हा वीर गावचा राखणदार. वेशीवर लढताना पडला.’

खड्ड्यापासून फाटक हाकेच्या अंतरावर. मध्ये फक्त पिंडीवरचं पाणी वाहून नेणारी पन्हळ होती आणि तिच्यावर सपाट फरशी टाकलेली होती. निळा बाण थेट त्या फरशीवरून गेला होता. शेषेराव सावलीसावलीने सरळ फाटकात पोचले आणि वळून बघतात तो अंबिका मागे नाहीच. ती आल्या वाटेने अख्ख्या देवळाला वळसा घालून उन्हातून आली.

“जवळची वाट सोडून कुठं फिरता, ताई?”

“सवय,” असं म्हणून ती एकदम थबकली आणि जमिनीकडे बघू लागली.

दगड ओढत नेल्याच्या खुणा होत्या. खड्ड्यातून त्या फरशीपर्यंत आल्या होत्या, तिथून माघारी फिरल्या होत्या आणि देवळाच्या मागून, पुढून, अगदी दारासमोरून फाटकाशी निघाल्या होत्या. पायरीच्या काठाला तागाचे पिवळे धागे अडकले होते. अंबिकाने ते हुंगले.

“हळद.”

“देवळात हळद असायचीच,” शेषेराव म्हणाले. “पूजेची.”

अंबिकाने धागे रुमालात बांधले.

फाटकाशी सोमेश भेटला. कपाळभर भस्म, हातात मोबाइल. पाहुण्यांना किल्ला दाखवून तो पोट भरायचा.

“ह्या बाणांनी माझा धंदा बसवला, हे खरंय,” तो उघड म्हणाला. “संघपालवर लई राग हाय माझा. पण दगड मी कशाला नेऊ? लोक तो बघायला तरी यायचे.” बोलता बोलता खड्डा दाखवायला तो त्या फरशीवरून तरातरा गेला आणि तसाच परत आला.

तक्रार देणारे पंचाक्षरी अप्पा बाजारातले हळदीचे व्यापारी. दुकानात पाऊल टाकताच शेषेरावांना शिंकांनी बेजार केलं.

“शरणार्थी, शरणार्थी!” अंबिकाचं आडनाव कळताच अप्पांनी खुलून लिंगायतांच्या रीतीने नमस्कार केला. “आपलीच माणसं तुम्ही. मग त्यांची बाजू कशाला घेऊन राहिल्या?”

“दगड तुमचा होता का, अप्पा?”

“आमच्या पणजोबांचा! सगळं गाव जाणतं. त्या पोरट्यानं कुठल्या म्हाताऱ्याला विचारलं आणि लिहिलं राखणदार. गावाची राखण पूर्वी त्यांच्या लोकांकडं असायची. म्हणजे त्यांच्यातला, कळलं ना? आमच्या घरात येऊन आमचाच बाप बदलायला निघाले!”

शेषेरावांच्या मुठी आवळल्या. अंबिका नुसती हसली. ती अशी हसली की समोरच्याचं काही खरं नसतं, हे शेषेरावांना ठाऊक होतं.

*

दिवस कलायच्या आत तिने सगळ्यांना देवळात गोळा केलं. पारूबाई, सोमेश, अप्पा आणि कपाळाला आठ्या घातलेले फौजदार.

“सोमेश, अप्पा, खड्ड्यापासून फाटकापर्यंत बाणावरून चालून दाखवा.”

सोमेश फरशी ओलांडून गेला. अप्पा फरशीपाशी आले आणि थांबले.

“पुढं चला की, अप्पा.”

“काहीतरीच काय! महादेवाच्या पाण्याची वाट ओलांडत नसतात. तुम्हाला सांगायला पाहिजे?”

“नको सांगायला. सकाळी माझंही पाऊल इथंच अडलं.” अंबिका फौजदारांकडे वळली. “साहेब, खुणा बघा. गुडघ्याएवढा दगड ओढणाऱ्याच्या पुढ्यात फाटक होतं, सपाट फरशी होती, आडोसा होता. तरी तो फरशीपासून माघारी फिरला आणि दगड ओढत दारासमोरच्या उघड्यावरून नेला. चोरी करतानाही ज्याला हे पाणी ओलांडवलं नाही, तो हा माणूस. संघपालने तर त्या फरशीवर स्वतःच्या हाताने बाण रंगवलाय. तो कशाला वळसा घालेल? सोमेश भस्म लावतो, पण आज माझ्यासमोर तिसऱ्यांदा फरशी तुडवून गेला.”

“पाणी न ओलांडणारे गावात शंभर असतील!” अप्पा ओरडले.

“असतील. पण दगड पोत्यावर घालून ओढला आणि पोतं हळदीचं होतं.” तिने रुमाल सोडला.

“देवळातली हळद आहे ती!”

“अप्पा!” आता मात्र अंबिकाचा आवाज चढला. “महादेवाला हळद वाहत नाहीत, हे मी तुम्हाला शिकवू? या देवळात हळद आली ती तुमच्या दुकानातून. पाटी खोटी वाटली होती तर चारचौघांत बोलायचं होतं. तुम्ही दगड लपवला आणि ओसरीवरची पहार खड्ड्याशी टाकून एका पोराचा जन्म नासवायला निघालात. साहेब, यांचं गोदाम उघडा.”

हळदीच्या थप्पीमागे वीर उभाच सापडला. पिवळाधमक, हातातली ढाल पुढे धरून.

अप्पांचा चेहरा उतरला. “दगड परत ठेवतो मी. घरातलं घरात मिटवू. वयाचा तरी विचार करा.”

फौजदारांनाही ते पटल्यासारखं दिसलं. “पोरगा सुटतोय ना? मग मिटवून टाका, ताई.”

“सकाळपासून तुम्हाला गुन्हा नोंदवायची घाई होती,” शेषेराव पहिल्यांदाच कडाडले, “ती आता कुठं गेली? लिहा! नाव तेवढं बदला.”

फौजदारांनी मान खाली घातली आणि अप्पांना गाडीत बसायला सांगितलं.

संघपाल सुटून आला तेव्हा वीरगळ पुन्हा खड्ड्यात उभा राहत होता. त्याने आधी आईला मिठी मारली आणि मग वाकून दगडावरची हळद सदऱ्याच्या बाहीने पुसायला लागला.

निघताना अंबिका पुन्हा फरशीपाशी थांबली आणि वळसा घालायला निघाली.

“अजूनही?” शेषेरावांनी विचारलं.

“देव माझाही आहे, काका. असल्या माणसापायी मी का सोडू?”

पारूबाई गाडीजवळ गेल्या होत्या. काचेआड अप्पा मान घालून बसले होते.

“पान्याला पाय लागू नये म्हनून येवढा वळसा घातलास, अप्पा,” त्या म्हणाल्या. “अन् माझ्या लेकराला तुडवताना तुझा पाय कसा न्हाई अडला?”