मोहित्यांची श्वासटिकली

सदानंद मोहिते घोरू लागला की शेजारच्या मांडणीतली ताटं जागा बदलायची आणि गल्लीतली कुत्री पलीकडच्या वाडीत मुक्कामाला जायची. बावीस वर्षं घाटात गाडी चालवणाऱ्या या ड्रायव्हरच्या घोरण्यावर आख्खा डेपो हसे. मग डेपोने प्रत्येक ड्रायव्हरला श्वासटिकली सक्तीची केली आणि हसू आटलं.

टिकली गळ्याला चिकटवून झोपायचं. ती श्वासाचा आवाज आणि रक्तातला प्राणवायू टिपे, आणि सकाळी निकाल देई: हे नुसतं घोरणं, की झोपेत श्वास थांबतोय, थांबत असेल तर घसा मिटतो म्हणून, की मेंदूच श्वास घ्यायला विसरतो म्हणून. निकाल तीव्र आला तर सहा महिने स्टिअरिंग बंद आणि उपचार. फसवणूक केली तर लायसन्स कायमचं रद्द.

सदानंदने टिकली बायकोच्या, वैजयंताच्या हातात ठेवली. ती झोपली की तिच्यापेक्षा गादीतला कापूस जास्त आवाज करी. टिकल्या बायकांनीच लावायच्या असतात, असं म्हणून त्याने विषय मिटवला. तिनेही हसत लावली.

दुसऱ्या दिवशी डेपोच्या डॉक्टर नाझनीन मुल्लांनी त्याला बोलावलं. निकाल तीव्र होता.

"तुम्ही घोरतच नाही, मोहिते," त्या म्हणाल्या. "मेंदू विसरतो आणि श्वास गुपचूप थांबतो. तासाला अडतीस वेळा. आजच दवाखान्यात भरती व्हा, मेंदू आणि हृदय तपासायला हवं."

दाराशी उभा असलेला कंडक्टर पाटणकर म्हणाला, की हा घोरत नसेल तर तालुक्यात भूकंप कोण करतं? सदानंदला हसू आलं नाही. गप्प राहिलं तर सहा महिन्यांनी गाडी परत मिळणार होती. उपचारासाठी मिळणारं श्वासाचं यंत्र गुपचूप घरी नेऊन वैजयंताला लावावं, हेही मनात येऊन गेलं. पण त्याचं डोकं तपासून तिचा आजार कसा सापडणार?

"मॅडम, तो श्वास माझा नाही," तो म्हणाला. "माझ्या बायकोचा आहे."

"लायसन्सचं नंतर बघू. आधी त्यांना घेऊन या."

दुपारी तारा लावून खाटेवर पडलेल्या वैजयंतापाशी मुल्ला मॅडम आल्या. टिकलीने बाहेरचा गोंगाट म्हणून गाळून टाकलेला आवाज त्यांनी मुद्दाम ऐकला होता. दर वेळी श्वास थांबल्यावर शेजारून एक गडगडाट होत होता, आणि त्यापाठोपाठ वैजयंता दचकून श्वास घेत होती. नक्की सांगता येत नाही, त्या म्हणाल्या, पण सदानंदच्या या घोरण्यानेच वैजयंता आजवर तगल्या असाव्यात. मग त्यांनी पिशवीतून नवी टिकली काढून सदानंदच्या गळ्याला स्वतः चिकटवली.

वैजयंताने हात लांबवून ती टिकली नीट दाबून बसवली.

"मला तुम्ही उठवत होतात," ती म्हणाली. "मग इतकी वर्षं तुम्हाला कोण उठवत होतं हो?"