झरीनच्या मापाची नळी

"वळ ना गो बाई... इथपर्यंत शहाण्यासारखी आलीस, आता इथंच कशाला अडून बसलीस?"

कुरकुर इतकी कानाजवळ झाली की झरीनने आधी पिशवी आवरली, मग ओढणी, आणि मग तणतणत शेजारी पाहिलं.

"मी कुठे अडलेय? सीट माझीच आहे."

शेजारचा मुलगा दचकला. त्याच्या मांडीवर पारदर्शक रबराची एक वेडीवाकडी वाट होती आणि तिच्यातून तो एक लांब, बारीक नळी वर सरकवत होता. गणपतीपुळ्याची एसटी आरे-वारेच्या वळणांवर डुलत होती. समुद्र एकदा खिडकीत यायचा, एकदा निघून जायचा.

"तुम्हाला नाही हो... हिला म्हणतोय." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ही मांडीतल्या रक्तवाहिनीतून शिरते, पोटातून वर जाते आणि नेमकी हृदयापाशी आली की रुसते. हिच्या टोकाला झडप मिटवून ठेवायची, आत पोचली की उघडायची. छाती कापायला नको."

दुसरी कुणी असती तर उठून मागच्या सीटवर गेली असती. झरीन बघतच राहिली. तिच्या छातीत अशीच एक झडप होती.

लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याने तिची जन्माची झडप खाल्ली. शाळा संपता संपता मुंबईला छाती उघडून दुसरी शिवली. आता तीही कडक होत चालली होती. पुन्हा छाती उघडली तर हृदय सोसणार नाही, आणि आजच्या नळ्या तिच्या चिंचोळ्या रक्तवाहिन्यांतून जाणार नाहीत... एवढं सांगून डॉक्टर मोकळे झाले होते.

"याहून बारीक होईल?" तिने विचारलं.

"त्याचाच तर पगार घेतो," तो म्हणाला. "मी तहा. एमआयडीसीत असतो."

मुली ओळख वाढली की फोटो देतात. झरीनने आपल्या स्कॅनची सीडी दिली. तहाने तिच्यावरून नवी रबरी वाट ओतून घेतली, टेबलावर खिडकीजवळ ठेवली, आणि बाकीच्या वाटा कपाटात गेल्या.

"काय करतोयस?" ती दुपारी फोनवर विचारायची. समोर कुणाच्या तरी लग्नाची ओढणी टाचायला पडलेली असायची.

"तुझ्या पोटातल्या वळणावर आहे. फार नखरे आहेत इथं."

"आणि पुढे?"

"पुढे हृदय. तिथं म्हणे... विचारून शिरावं लागतं."

"अख्ख्या रत्नागिरीत तू एकटाच, ज्याला माझ्या मनाचा रस्ता मिलिमीटरमध्ये पाठ आहे. आणि एक चहा विचारायला पावसाळा घालवलास!"

ती हसायची, आणि हसता हसता तिचा श्वास मध्येच तुटायचा. मग तो नळीविषयी काहीतरी सांगायला लागायचा... ती ऐकल्यासारखं करायची.

घरात तिच्या अम्मीने, सकिनाने, एक शब्दप्रयोग काढला होता. नळी झाली की. नळी झाली की तहाशी निकाह, नळी झाली की जरीचा शरारा. आखातातून परतलेले गनी, झरीनचे अब्बा, म्हणायचे, नळी झाली की वरची खोली रंगवू, पोरगी-जावई राहतील. हे बेत चालू असताना झरीन जिन्याच्या अर्ध्यात कठडा धरून उभी असायची. तिच्याकडे कुणी बघायचं नाही.

गणपती झाले आणि चाचणीचा दिवस आला. तहाच्या कामावरच्या मॅडमनी कपाटातल्या सगळ्या वाटा काढून मांडल्या: कुणा म्हाताऱ्याची, कुणा जाड्या बाईची, कुणाची आखूड, कुणाची पिळलेली. झरीनच्या वाटेतून नळी मासा पाण्यातून जावा तशी गेली. म्हाताऱ्याच्या पहिल्याच वळणावर अडली. बाईच्या वाटेत टोक भिंतीत घुसलं. पुढच्यात वळवायची तारच तुटली.

"तहा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ही कुणाच्या मापाची केलीस?"

प्रेमात पडलेली माणसं कविता करतात, हातावर नाव गोंदवतात. या शहाण्याने सगळ्या जगासाठीची नळी एका मुलीच्या मापाची करून ठेवली होती. रोज तीच वाट, रोज तीच वळणं. दुसरं कुणी असतं हेच तो विसरला. आता पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळ्यांच्यात चालल्याशिवाय कुठलाही डॉक्टर ती कुणाच्याच अंगात घालणार नव्हता. झरीनच्याही.

संध्याकाळी तो त्यांच्या पडवीत बसला. सकिनाने सांदणांची बशी पुढे केली. बाहेर पाऊस झिमझिमत होता.

"जरा... परत करावं लागणार आहे, चाचा."

"किती लागेल?" गनींनी विचारलं.

"काही वर्षं."

"होईल रे," सकिना घाईने म्हणाली. "खा तू. नळी झाली की..."

"निकाह आत्ता करू," झरीन म्हणाली. "याच महिन्यात."

सकिनाचा बशीवरचा हात थांबला.

"घाई कशाला पण..." तहा पुटपुटला.

"का? मी नकोय?"

"तूच हवीस गं! तूच तूच करत बसलो म्हणून तर हे..." त्याचा आवाज फाटला. "आत्ता केला तर... आपण मानल्यासारखं होईल."

"काय मानल्यासारखं?"

तहाने हातातलं सांदण परत बशीत ठेवलं.

"अब्बा, तुम्ही सांगा. काय मानल्यासारखं?"

गनींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "थंडी पडू दे," ते म्हणाले. "थंडीत तुला बरं वाटतं."

"मला जिना चढवत नाही, अब्बा. ओढणी टाचताना सुई दोनदा खाली ठेवते. मला याच्या घरी जायचंय, याच्याशी भांडायचंय, याचा चहा बिघडवायचाय... आणि तुम्ही सगळे मला त्या रबराच्या वाटेत बसवून ठेवलंय."

तहाने हात पुढे केला, तिने तो धरला, अम्मी-अब्बांच्या देखत, पहिल्यांदाच. तिची बोटं गार होती.

सकिनाने बशी खाली ठेवली. ओढणीला हात पुसले. नवऱ्याकडे बघत ती म्हणाली,

"अहो, छत्री घ्या आणि काझींकडे जाऊन या. नळी व्हायच्या आधी जाणार हाय आपली पोर."