बुधवारचा दुपारचा प्रयोग

कार्यक्रमपत्रिका उघडली, तर आतून एक पांढरी चिठ्ठी घरंगळून नदीनच्या बुटावर पडली. तिने ती उचलून वाचली आणि तिचा चेहराच उतरला.

‘आजच्या प्रयोगात डोराची भूमिका – ग्वेन सॉर्ली.’

“नाही हं... हे नाही चालणार,” ती स्वतःशीच पुटपुटली आणि कोट सावरत मागे वळली. वळली ती थेट एका ओल्या छत्रीवर आदळली. छत्रीच्या मागे एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. चष्म्यावर पाण्याचे थेंब, मफलर एका खांद्यावरून लोंबणारा.

“बाहेर गारा पडताहेत,” तो म्हणाला, “आणि आत ग्वेन सॉर्ली गाणार आहे. तुम्ही नक्की कशापासून पळताय?”

“मी लोरेटा हेन्सला बघायला आलेय. तिच्या बदलीला नाही.”

“अच्छा! म्हणजे तुम्ही त्यांच्यातल्या.”

“कुणातल्या?”

“मूळ संचवाल्या.” तो हे असं म्हणाला, जणू कुठल्याशा दुर्धर आजाराचं नाव घेत होता. “पहिला अंक बघा. नाही आवडला तर समोरच्या कॅफेत गरम गोड चेरी पाय माझ्याकडून.”

“आणि आवडला तर?”

“तर तुमच्याकडून.”

दिवे मंदावले. बाहेर पडायची वाट त्याच्या छत्रीने अडली होती... निदान नदीनने तरी स्वतःला तसंच सांगितलं.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. न्यूयॉर्कच्या पंचेचाळिसाव्या रस्त्यावर तेव्हा ‘द ग्लोव्ह काउंटर’ धो धो चालत होतं. हातमोजे विकणाऱ्या डोराची ती संगीतिका. तिची गाणी टॅक्सीवाल्यांच्यासुद्धा तोंडी होती. सगळ्या खुर्च्या विकल्या गेल्या, की शेवटच्या रांगेमागे उभं राहून बघायची तिकिटं निघत. कमरेइतका मखमली कठडा, त्यावर पितळी आकडे, आणि आपल्या आकड्यापाशी कोपरं टेकून उभं राहायचं. पाय भरून यायचे, पण त्या कठड्यावरून जे नाटक दिसायचं, ते पुढच्या महागड्या खुर्च्यांवरूनही दिसत नसे, असं तिथले नेहमीचे लोक शपथेवर सांगत.

नदीन पासरेली ही त्या नेहमीच्यांपैकी एक. पलीकडे न्यू जर्सीत, बेयोनला, ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. शनिवारी दुकानात असायची म्हणून बुधवारी सुट्टी. आणि बुधवार म्हणजे दुपारचा प्रयोग. ग्वेन सॉर्ली पाहिली तो तिचा विसावा प्रयोग.

चेरी पाय तिलाच द्यावा लागला.

“ठीक होती,” काट्याने चेरी पायचा तुकडा मोडत ती म्हणाली.

“ठीक? तुम्ही दुसऱ्या गाण्याला रुमाल शोधत होतात!”

“सर्दी झालीय मला.”

“होय ना... गाणं संपलं आणि सर्दी गेली.” तो हसला. हसताना त्याचा उजवा डोळा डाव्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. “मी आयरा. आयरा वाइनट्रॉब.”

आयरा शाळांमधून बदली शिक्षक होता. सकाळी सहाला फोन वाजायचा. कुठे भूगोलाच्या बाई आजारी, कुठे गणिताचे सर रजेवर. हा खडू घेऊन हजर. “वर्गात शिरलो की मुलांची तोंडं अशी पडतात,” तो म्हणाला, “तुमचं मघाशी पडलं होतं ना, अगदी तशीच. म्हणून ती चिठ्ठी पडली की मला आनंद होतो. आज कुणीतरी जीव तोडून गाणार!”

पुढच्या बुधवारी सकाळी तिकिटाच्या रांगेत तो तिच्या आधी उभा होता. त्याच्या पुढच्याही बुधवारी. त्या रांगेत घडीचं स्टूल घेऊन बसणाऱ्या बर्निसबाई सगळ्यांच्या आजी शोभाव्यात अशा होत्या. पहिल्या दिवसापासूनचा एकेक बदल त्यांना पाठ होता. कोण कधी सोडून गेला, त्याच्या जागी कोण आला, त्याचे वरचे सूर लागतात की नाही... रांग पुढे सरकेपर्यंत वाद रंगायचे.

“नवा दुकानदार फार उड्या मारतो,” नदीन म्हणायची.

“आधीचा खांबासारखा उभा राहायचा,” आयरा म्हणायचा. “बर्निसबाई, तुम्हीच सांगा.”

“मी सांगते,” बर्निसबाई डोळे मिचकावत म्हणायच्या. “आत जे चालतं त्यापेक्षा तुम्हा दोघांचं भांडण चांगलं आहे. याला तिकीट लावा!”

मार्च सरला, झाडांना पालवी फुटली. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. कठड्यावर शेजारी शेजारी कोपरं टेकलेली असत. एखादं गाणं ऐन रंगात आलं, की तो तिच्याकडे बघायचा. आपण बघतोय हे तिला कळलंय, हे त्यालाही कळायचं... आणि मग दोघंही घाईघाईने पुन्हा रंगमंचाकडे.

एप्रिलच्या शेवटी थिएटरच्या दारावर फलक लागला. लोरेटा हेन्स बारा मेला डोराचा निरोप घेणार होती. मूळ संचातली ती एकटीच उरली होती.

त्या दिवशी कॅफेत नदीनने चेरी पायला हातही लावला नाही.

“अगं, अडीच वर्षं झाली तिला,” आयरा समजावत म्हणाला. “आवाज दमलाय तिचा. खरं सांगू? ती गेलेलीच बरी. नवीन कुणी आलं की नाटक पुन्हा ताजं होईल.”

“तुला काय कळणार?” नदीन ताडकन म्हणाली. “तू स्वतःच आयुष्यभर बदली! कुणाची जागा रिकामी झाली की काय वाटतं, ते तुला कसं ठाऊक असणार? तू तर त्या जागेवर टपूनच असतोस.”

शब्द तोंडातून गेले, आणि परत घेता येईनात. आयराने कागदी रुमालाची एक घडी घातली, मग आणखी एक. “चल,” तो हळूच म्हणाला, “बस चुकेल तुझी.” आणि उठून गेला.

पुढच्या बुधवारी तो रांगेत नव्हता. बारा मेलाही नव्हता.

बारा मेला थिएटर फुलांनी भरून गेलं होतं. पडदा पडल्यावर नदीन कलाकारांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. शेवटी लोरेटा बाहेर आली... साधा रेनकोट, पायात सपाट चपला, हातात किराण्याची पिशवी. मेकअप पुसलेला चेहरा दमलेला होता, पण हसरा.

“माझ्या बाबांनी तुम्हाला पाहिलं होतं,” नदीनने भडाभडा सांगून टाकलं. “बस चालवायचे ते. नाटकबिटकाचा कंटाळा. पण तुमचं गाणं घरी रोज गुणगुणायचे. त्याच हिवाळ्यात गेले ते. तुम्ही जाताय, तर... त्यांनी बघितलेलं आता तिथे कुणीच राहणार नाही.”

लोरेटाने पिशवी खाली ठेवली आणि नदीनचे दोन्ही हात हातात घेतले. “पोरी, मला वाईट वाटत नाही, असं नाही. पण अडीच वर्षांत मी माझ्या लेकीबरोबर शनिवारचं जेवण जेवलेले नाही. आज घरी जाऊन मी पाय गरम पाण्यात बुडवणार आहे. मला जाऊ दे, हं?” मग जरा थांबून म्हणाली, “आणि बाबांचं गाणं तू गुणगुणतेस की नाही?”

नदीन रडत होती. पण बसमध्ये बसल्यावर तिला जाणवलं, की हे सगळं तिला आयराला सांगायचंय. बाबांबद्दल तिने त्याला कधी अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

एकोणीस मेला नवी डोरा उभी राहणार होती. रांगेत नदीनची नजर सारखी मागे जात होती.

“शोधू नकोस,” बर्निसबाई स्टुलावरून म्हणाल्या. “तो समोर कॅफेत खिडकीशी बसतो. गेल्या बुधवारीही होता. रांगेकडे बघतो आणि कॉफी गार करतो.”

“मग येत का नाही?”

“तू बोलावलंस?”

नदीन तिकीट घेऊन आत गेली खरी... पण नवी डोरा गायला लागली आणि चक्क छान गायली. एक तान तर अशी घेतली, की नदीनने नकळत शेजारी वळून पाहिलं. तिथे एक टकले गृहस्थ तोंडात पेपरमिंट घोळवत उभे होते.

मध्यंतराची घंटा होताच ती कोटही न घेता रस्ता ओलांडून धावली. पाऊस नुकताच थांबला होता, रस्ता चकाकत होता. आयरा खिडकीशी होता. तिला बघून तो गडबडीने उभा राहिला आणि त्याचा गुडघा टेबलावर आपटला.

“नवी चांगली आहे,” धापा टाकत नदीन म्हणाली. “तुझंच खरं. आणि मी त्या दिवशी जे बोलले ते... ते फार वाईट होतं.”

“बस ना आधी.”

ती बसली, आणि मग तिने बाबांबद्दल सगळं सांगितलं. कठड्यावर ते कसे घोरायला लागले होते, त्या गाण्याला कसे जागे झाले, घरी जाताना बसमध्ये कसे बेसूर गात होते... आयराचा हात टेबलावरून येऊन तिच्या हातावर टेकला.

“तू मला आधी सांगितलं असतंस, तर मी असं बोललो नसतो,” तो म्हणाला.

“माहितेय. पण आयरा, तुला बुधवारी शाळेतून फोन येत नाहीत का रे? एवढे बुधवार तू रिकामा कसा?”

त्याचे कान लाल झाले. “येतात की... सहाला वाजतो फोन.”

“मग?”

“मी उचलत नाही. फेब्रुवारीपासून एकाही बुधवारी उचललेला नाही. शाळेची बाई म्हणते, तुझा बुधवारचा काय उपास असतो का?” तो चष्मा पुसायला लागला. “मी नाटकासाठी येत नव्हतो, नदीन. पहिल्या दिवसानंतर तर नाहीच.”

समोर थिएटरच्या दारातली घंटा वाजली. माणसं घाईघाईने आत शिरू लागली. छत्र्या मिटल्या, दारं एकेक करून बंद झाली.

“दुसरा अंक सुरू होतोय,” आयरा म्हणाला. “जा. तुझा कोट आत आहे.”

“राहू दे,” नदीन म्हणाली, आणि तिने आपली बोटं त्याच्या बोटांत गुंतवली. “मला सांग... या रविवारी काय करतोयस? आई खिम्याच्या गोळ्यांचा पास्ता करते. बाबांची खुर्ची रिकामी ठेवतो आम्ही, तिकडे बसू नकोस. तुझ्यासाठी मी वेगळी आणून ठेवीन.”

आयरा नुसती मान डोलावत राहिला.

नव्या डोराचा दुसरा अंक त्या दिवशी कसा झाला, ते नदीनला आजतागायत माहीत नाही.