एकशे चाळीस पौंड

ते 'आईक' नावाचं वादळ गेलं ते आपले लाईट घेऊनच गेलं. चार दिवस झाले, आपलं अख्खं शुगर लँड गाव घामाने चिंब आहे. बसा इथेच पॅटिओवर. शंतनू, तो फ्लॅशलाइट बंद कर, बॅटरी काय फुकट येते? आणि गोष्ट ऐकायची असेल तर मध्येच 'काका, लॉजिकली बघितलं तर' असं म्हणायचं नाही. लॉजिक उल्हासकडेही पोत्याने होतं.

हो, आपलाच उल्हास. नागपूरचा. नोकरीत इंजिनियर आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या विमानापायी खुळा झालेला. गावाबाहेर शेतांमधून जो रस्ता जातो, त्यावर एक हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड आहे. तिथे काही हौशी लोक दुसऱ्या महायुद्धातलं एक बॉम्बर विमान दुरुस्त करत होते. डेल नावाचा म्हातारा त्यांचा म्होरक्या. वय ऐंशीच्या पुढे. युद्धात तो तिकडे पॅसिफिकमधल्या बेटावर मेकॅनिक होता.

आता या विमानांना पुढे काचेचं नाक असायचं. त्यात एक माणूस बसायचा, बॉम्बार्डियर. खाली बघून बॉम्ब कधी सोडायचा ते तो ठरवणार. पण उंचावरून टाकलेले बॉम्ब जहाजांना लागेचनात. मग या मेकॅनिक मंडळींनी कारखान्याला न विचारता, तिथेच चिखलात उभं राहून जुगाड केलं. काच काढली, पत्रा ठोकला, आत मशीनगन बसवल्या. विमान झाडांच्या शेंड्यांना घासून जायचं आणि समोर दिसेल त्याची चाळणी करायचं. काम फक्कड झालं. फक्त बॉम्बार्डियरला बसायला जागा उरली नाही.

बाकीच्या बॉम्बार्डियरांनी दुसरी कामं धरली. एकाने धरली नाहीत. विशीतला पोरगा, सडपातळ. रात्री आतल्या बोगद्यातून सरपटत नाकात शिरायचा आणि बंदुकांच्या मागे झोपायचा. म्हणायचा, ही माझी जागा आहे. एका पहाटे विमान घाईघाईत उडालं. पायलट म्हणाला देखील, आज नाक जड लागतंय. पण आत कोणी बघितलंच नव्हतं. परत आलं तेव्हा नाकाच्या पत्र्याला भोकंच भोकं पडली होती. ते विमान पुन्हा उडालं नाही.

डेलने पुढे कितीतरी वर्षांनी तेच नाक त्या बेटावरून बोटीने आणवलं, भोकं बुजवली आणि या विमानाला जोडलं. त्याची एक रीत होती. नाकाची बाहेरून उघडणारी झडप लावण्याआधी पत्र्यावर तीनदा ठोकायचं आणि जरा थांबायचं. हँगरमधलं कोणीही त्याला हसत नसे. उल्हास हसला. हाच उल्हास, बरं का, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणारा!

तारीख सांगतो. दहा नोव्हेंबर दोन हजार सहा, शुक्रवार. अमावास्या नव्हती, काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी व्हेटरन्स डे, म्हणजे जुन्या सैनिकांचा मानाचा दिवस. सकाळी विमान पहिल्यांदा उडणार होतं आणि डेल त्यात बसणार होता. त्याचं हृदय पार थकलं होतं. पुढचा नोव्हेंबर त्याला दिसेल असं त्याच्या डॉक्टरलाही वाटत नव्हतं.

एकच काम उरलं होतं. विमान तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवून तोलायचं आणि पुढचा-मागचा तोल जमतो का ते पाहायचं. वाऱ्याने काटे हलतात, म्हणून रात्री, दारं लावून. यात चूक परवडत नाही. नाक थोडं जड असलं तर निभतं एक वेळ. पण शेपूट जड झालं, तर विमान हवेत नाक वर करतं आणि धाडकन खाली येतं. हा हिशेब उल्हासकडे होता. बाकीचे सकाळच्या तयारीसाठी घरी गेले.

जाताना डेल म्हणाला, "झडप लावशील तेव्हा ठोक."

"येस, येस," हा म्हणाला, आणि न ठोकताच झडप लावून मोकळा झाला.

काटे चालू केले. एकूण वजन एकशे चाळीस पौंड, म्हणजे चौसष्ट-एक किलो जास्त. सगळं नाकाकडचं.

कोणी टूलबॉक्स विसरलं असेल म्हणून तो बोगद्यातून वाकून टॉर्च मारून आला. आत लाकडाच्या खोट्या बंदुका. बाकी काही नाही. काटे शून्यावर आणून पुन्हा तोललं. एकशे चाळीस. तेवढ्यात बायकोचा, कांचनचा फोन. "अरे, येतोयस ना? जेवण गार झालंय."

"दहा मिनिटांत निघतो."

आता शहाण्या माणसाने काय करावं? वजन आलं कुठून ते शोधावं. पण मग उड्डाण कॅन्सल, आणि डेलचा तो चेहरा बघायचा. ते उल्हासच्याने होईना. त्याचा जीव होता म्हाताऱ्यावर. म्हणून त्याने आपल्या लोकांचं आवडतं काम केलं. ॲडजस्ट केलं! शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या उचलल्या, शेपटात सरपटत गेला आणि तिथे बांधून आला. पुन्हा तोललं. तोल बरोबर. उत्तर जुळलं की आपण खूश.

त्याने दिवे मालवायला हात वर केला.

आणि पत्र्यावर ठोकल्याचा आवाज आला.

तीनदा.

आतून.

उल्हास म्हणतो, वाटलं पत्रा थंड होतोय. होतो तसा आवाज. तो थांबला... काही नाही. मग पुन्हा. हळू. थकलेल्या माणसाने ठोकावं तसं.

पाय पळायला सांगत होते. पण आत कोणी खरंच अडकलं असेल तर? तो पुढे गेला. झडप उघडली.

आत अंधार. कोणी नाही.

फक्त उबदार हवा आली बाहेर... बंद खोलीत कोणी झोपलेलं असलं की येते ना, तशी.

मागे काट्याचा बीप वाजला.

आकडा उतरत होता.

हळूहळू. उतरताना आधी एक पाय टेकवावा, मग दुसरा, तसा.

एकशे चाळीस पौंड उतरले.

 भुताची भीती उल्हासला नंतर वाटली. आधी दुसरंच डोक्यात आलं. हे आकाशात झालं असतं तर? नाक रिकामं, शेपटात याने बांधलेलं शिसं, आणि आत डेल.

शेपटाकडे परत जायचं होतं. एकट्याने. त्या नळीसारख्या अंधारात. गेला, बाबांनो. रडत गेला, पण गेला. एकेक पिशवी सोडून बाहेर आणली. पुन्हा तोललं. आकडे चोख.

सकाळी विमान उडालं आणि झोकात उतरलं. डेल बाहेर आला तो हसत आणि डोळे पुसत. जानेवारीत गेला बिचारा, पण तृप्त गेला.

राहता राहिली त्या रात्रीची गोष्ट. उल्हास गाडीत बसला. गाडी नवी होती, शेजारच्या सीटवर माणूस बसला की तिला कळतं. चावी फिरवली आणि टिंग... टिंग... टिंग. समोर लाल दिवा. शेजारच्याने बेल्ट लावलेला नाही.

सीट रिकामी.

त्या पोराला बाहेर तर काढलं होतं. आता तो जाणार कुठे? त्याची जागा तर कधीच गेली होती...

उल्हासने हात लांब करून तो बेल्ट लावला. टिंग थांबलं. घरी येईपर्यंत त्याने डावी-उजवीकडे पाहिलं नाही.

झालं, एवढंच. शंतनू, हसतोस काय? चैत्राली, तू आज कोणाबरोबर आलीस गं?

"उल्हासकाकांबरोबर."

पुढे बसलीस?

"नाही... ते म्हणाले, मागे बस आरामात. पुढे तर कोणीच नव्हतं."

आणि पुढचा बेल्ट?

 शंतनूने फ्लॅशलाइट लावला. चैत्रालीचा चेहरा पांढरा पडला होता.

"लावलेला होता, काका. सीट रिकामी होती... पण उल्हासकाकांनी ब्रेक मारला की तो बेल्ट ताणला जायचा."